लोक अदालतीतली घरपट्टी वसुली : खान्देशातल्या गावांसाठी एक परीक्षण

राष्ट्रीय लोक अदालतीच्या शनिवारी चोपडा, पारोळा, साक्री, शहादा अशा कोणत्याही तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात गेलं, की मांडवाखाली सगळ्यात जास्त गर्दी दोन ठिकाणी दिसते. एक बँकांच्या टेबलांपुढे आणि दुसरी ग्रामपंचायतींच्या. हातात घडी घातलेली नोटीस, सोबत जुन्या पावत्यांची पिशवी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न : माझे नेमके किती? हे परीक्षण त्या दुसऱ्या रांगेचं आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी लोक अदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून मिटवण्याची ही सेवा कशी चालते, पंचायतीच्या आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्यात काय करायला हवं आणि गाडी कुठे अडते, ते थकबाकीदार आणि कर्मचारी अशा दोघांसाठी लिहिलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे. फी नाही, वकिलाची सक्ती नाही, आणि हाती जो निवाडा पडतो त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं वजन असतं. पण लोक अदालतीचं टेबल स्वतः काहीही तपासत नाही. तिथे मांडलेला आकडा बरोबर आहे का, नोटीस खऱ्या माणसाला मिळाली का, हे आधीच्या दीड-दोन महिन्यांत ग्रामपंचायत कार्यालयात ठरलेलं असतं. म्हणून या सेवेची प्रत गावागणिक बदलते. एकाच तालुक्यात, एकाच पॅनलपुढे, एका गावाची निम्मी प्रकरणं दुपारपर्यंत मिटतात आणि शेजारच्या गावाचा गठ्ठा जसा आला तसा परत जातो.

आधी ही सेवा कायद्याने काय आहे ते बघू, कारण निम्मी भीती आणि निम्म्या खोट्या आशा इथूनच उगवतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. लोक अदालती त्याच्याखाली भरतात. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे काम पाहतं. जो वाद अजून कोर्टात दाखलच झालेला नाही, तोही तिथे ठेवता येतो, यालाच दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. पॅनलवर कार्यरत किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी असतात, सोबत वकील किंवा सामाजिक कार्यकर्ते. तडजोड झाली की निवाडा लिहिला जातो, दोन्ही पक्ष आणि पॅनल सही करतं, आणि त्यावर अपील नाही.

तडजोड झाली नाही तर मात्र पॅनलला काहीच ठरवता येत नाही. लोक अदालतीला गुणदोषावर निकाल देण्याचा अधिकार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. थकबाकीदार आलाच नाही, तर एकतर्फी हुकूम होत नाही. प्रकरण नुसतं परत जातं आणि पंचायतीला तिचे दुसरे मार्ग मोकळे राहतात.

इतकं साफ असताना गावात नोटीस वाटताना काय सांगितलं जातं? “आला नाहीत तर वॉरंट निघेल”, “बैलजोडी उचलून नेतील”, “घराला सील लागेल”. यातलं एकही खरं नाही. दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस म्हणजे तडजोडीला येण्याचं बोलावणं. ती समन्स नाही, वॉरंट तर नाहीच. असं घाबरवण्यामागचं कारण आम्हाला कळतं. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या वेतनासाठी मिळणारं शासनाचं अनुदान वसुलीच्या टक्केवारीशी जोडलेलं राहिलं आहे, म्हणजे गावाने कर भरला नाही तर शिपायाच्या घरची चूल अडते. तो ताण खरा आहे. तरीही खोटी धमकी वसुलीलाच मारक ठरते. एकदा माणूस घाबरून आला नाही आणि त्याचं काहीच बिघडलं नाही, की पुढची प्रत्येक नोटीस तो आणि त्याची सगळी गल्ली रद्दीत टाकते.

नमुना ८ आणि नमुना ९ : सगळं इथे

ग्रामपंचायतीच्या कराचा हिशेब चार कागदांवर उभा असतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही : मालमत्ता क्रमांक, मालक, भोगवटादार, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य आणि ठरलेला कर. नमुना ९ ही मागणी नोंदवही : मागील बाकी, चालू मागणी, वसुली, शिल्लक. नमुना ९ क हे घरोघर द्यायचं मागणीचं बिल. नमुना १० ही करवसुलीची पावती. लोक अदालतीला पाठवायची यादी नमुना ९ वरून उचलली जाते. नमुना ९ चुकला की यादी चुकते, यादी चुकली की नोटीस चुकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाची नोटीस. खान्देशातल्या कोणत्याही जुन्या गावठाणात नमुना ८ उघडून पाहा, आजोबांच्या नावावर चालू असलेली घरं सापडतीलच. शिपाई दारात जातो आणि घरातून उत्तर येतं, “हाई नोटीस मनी नही शे, मना बापना नावनी शे.” म्हणजे ही नोटीस माझी नाही, माझ्या बापाच्या नावाची आहे. आणि ते उत्तर बरोबर असतं. मयत माणूस तडजोड करू शकत नाही, आणि त्याच्या नावावर मुलाने सही करून घेतलेला निवाडा पुढे दरखास्तीत, म्हणजे तो बजावून घेण्याच्या कोर्टातल्या अर्जात, टिकत नाही. दुरुस्ती सोपी आहे, फक्त ती यादीच्या आधी व्हायला हवी : मृत्यूचा दाखला, वारसांचा अर्ज, सगळ्या वारसांची नावं, मासिक सभेचा ठराव आणि नमुना ८ ला नोंद. अडतं ते वारसांच्या सह्यांवर, कारण बहिणी सासरी असतात. यासाठी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरावा. त्या दिवसांत लेकी माहेरी असतात, घरातली सगळी भावंडं एका छपराखाली भेटतात. मे महिन्याच्या उन्हात दुपारी कोणी दार उघडत नाही, तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा दिवे लागल्यावर जावं. आखाजीच्या आठवड्यात वारसांचे अर्ज भरून घेणारी पंचायत पुढच्या तिन्ही लोक अदालतींत निर्धास्त असते.

दुसरी चूक एकसारख्या नावांची. पाटील, महाजन, चौधरी, कोळी, पावरा, वसावे. एकाच आडनावाचं अर्धं गाव आणि त्यात एकाच नावाचे तीन-चार जण. नुसतं नाव आणि आडनाव लिहून काढलेली नोटीस चुकीच्या घरात जाते. वडिलांचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि गल्ली किंवा पाड्याचं नाव नोटिशीवर असलंच पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात, तिथे पाड्याचं नाव नसलेली नोटीस म्हणजे कोरा कागद. तिसरी चूक घरकुलांची : घर बाईच्या नावे मंजूर, नमुना ८ लाही तिचंच नाव, आणि संगणकावर यादी करताना सवयीने नवऱ्याचं नाव टाइप होतं. अशी नोटीस परत आली तर दोष घेणाऱ्याचा नाही.

भाऊ वेगळे झालेले असतात आणि खातं एकच राहतं, हाही नेहमीचा पेच. तीन भावांचं तीन खोल्यांत राहणं, मालमत्ता क्रमांक एक, बाकी १२,००० रुपये. धाकटा म्हणतो, माझे ४,००० घ्या आणि मला मोकळं करा. लिपिकाने ४,००० घेऊन पावती द्यावी, ते बरोबरच आहे, पण पावतीवर ‘पूर्ण’ लिहू नये. खात्याचं विभाजन नमुना ८ ला झाल्याशिवाय तिघंही पूर्ण रकमेला बांधील धरले जातात. हे त्याला तिथेच समजावून सांगणं, त्याच्या बोलीत सांगणं, ही लिपिकाची जबाबदारी. नंतर फसवल्याची भावना झाली की तो माणूस कायमचा तुटतो.

मग आकडा. पावती फाडली गेली पण नमुना ९ ला चढलीच नाही, ही तक्रार इतकी सर्रास आहे की यादी काढण्याआधी मागच्या तीन वर्षांची पावती पुस्तकं नमुना ९ शी ताडून पाहणं आम्ही सक्तीचं मानतो. दोन कर्मचारी बसले, एकाने पावती वाचली, दुसऱ्याने नोंद तपासली, तर हजार खात्यांच्या गावाला तीन-चार दिवस लागतात. हे केलं नाही, तर लोक अदालतीच्या दिवशी थकबाकीदार पिशवीतून जुनी पावती काढतो, पॅनलपुढे ठेवतो, आणि त्यानंतर त्या ग्रामपंचायतीच्या एकाही आकड्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट. आकारणीचा वाद आणि थकबाकीचा वाद वेगळे ठेवावेत. ‘माझं घर मातीचं, तुम्ही पक्कं लावलं’ हा आकारणीचा वाद आहे. त्याचा रस्ता हरकत आणि अपील. आकारणी दर चार वर्षांनी होते, २०१५ अखेरच्या नियमदुरुस्तीपासून ती भांडवली मूल्यावर आहे, आणि हरकतीसाठी ठरावीक मुदत असते. लोक अदालतीचं पॅनल भिंत मोजायला येणार नाही. पण लिपिकाला दिसत असेल की नोंद उघड चुकली आहे, तर ते प्रकरण यादीतून काढून आधी नोंद दुरुस्त करावी. यादी फुगवून दाखवण्यात काहीच कमाई नाही.

नोटीस : कोणी, कधी, कशी

वर्षात साधारण चार राष्ट्रीय लोक अदालती होतात. तारीख जाहीर झाली की तालुका विधी सेवा समिती प्रकरणं देण्याची शेवटची तारीख कळवते. गटविकास अधिकारी ती ग्रामपंचायतींपर्यंत पोचवतात, विस्तार अधिकाऱ्यांनी पाठपुरावा करायचा. इथे दोन आठवडे गेले तर पुढचं सगळं घाईत होतं. बहुतेक तालुक्यांत पद्धत अशी : ग्रामपंचायत यादी आणि नोटिशीच्या प्रती तयार करते, समितीच्या कार्यालयात त्यावर सही-शिक्का होतो, आणि वाटप पंचायतीचेच कर्मचारी करतात. एक प्रत थकबाकीदाराला, एक तामिलीची (नोटीस पोचल्याची) पोच म्हणून परत समितीकडे, एक ग्रामपंचायतीच्या फाइलला. म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या तीन प्रती.

नोटिशीवर फक्त एकूण आकडा छापणं आम्हाला मान्य नाही. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, खासगी नळ असेल तर विशेष पाणीपट्टी, आणि दंड, या प्रत्येकाची मागील आणि चालू रक्कम वेगळी दिसली पाहिजे. नळ तोडून चार वर्षं झालेल्या माणसाला विशेष पाणीपट्टी लागलेली असते, ती या फोडीतच सापडते.

तामील हाती द्यायची. खातेदार घरी नसेल तर घरातल्या प्रौढ माणसाकडे, त्याचं नाव, नातं, सही किंवा अंगठा आणि तारीख घेऊन. कोणीच घेत नसेल तर दाराला चिकटवून दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा करायचा, मोबाइलवर तारखेसह फोटो काढायचा. नुसतं ‘घेण्यास नकार’ लिहून परत आणलेली प्रत कोऱ्या प्रतीसारखीच. बाहेरगावी राहणाऱ्याला, आणि नोकरीसाठी सुरत, पुणे, नाशिकला गेलेली घरं खान्देशात पुष्कळ आहेत, स्पीड पोस्टाने पाठवावी आणि फोनवरही कळवावं. त्यातले बरेच जण फोनवर रक्कम विचारून त्याच दिवशी ऑनलाइन भरून मोकळे होतात, असा अनुभव या कामातल्या बहुतेकांचा आहे.

आता वेळेचं. दिवाळीनंतर नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, साक्री या पट्ट्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. डिसेंबरच्या लोक अदालतीसाठी नोव्हेंबरअखेर वाटलेल्या नोटिशा कुलपांना चिकटतात, आणि यादीत ‘गैरहजर’ शिक्क्यांची रांग लागते. होळीला मात्र यातली बरीच मंडळी घरी येतात. त्यामुळे त्या गावांसाठी मार्चची लोक अदालत खरी. जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात उलट : पैसा ऑक्टोबर ते जानेवारीत फिरतो, म्हणून तिथे डिसेंबरची लोक अदालत चांगली, आणि मे महिन्यात बियाण्याची खरेदी डोक्यावर असताना कोणाच्या खिशात काही नसतं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचा पैसा कापणीच्या पाळीप्रमाणे येतो, तिथे महिना कोणताही चालतो, फक्त हप्त्याची तारीख कापणीनंतर धरावी. यादी करताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याने हे डोक्यात ठेवलं तर निम्मं काम तिथेच झालं.

टेबलावरचा दिवस

सकाळी साडेनऊला ग्रामपंचायत अधिकारी किंवा लिपिक जागेवर हवा. सोबत काय काय हवं ते एका दमात सांगतो : नमुना ९ ची मूळ वही किंवा साक्षांकित उतारा, नमुना १० ची कोरी पावती पुस्तकं घरपट्टीसाठी आणि पाणीपट्टीसाठी वेगळी, ग्रामपंचायतीचा शिक्का, कार्बन, सुटे पैसे, पंचायतीच्या खात्याचा क्यूआर कोड, तामिलीच्या पोचा क्रमाने लावलेल्या, आणि तडजोड करण्याचा अधिकार देणारं सरपंचाच्या सहीचं पत्र, ठरावाच्या प्रतीसह. हे पत्र विसरणारे खूप. पॅनल विचारतं, सही कोण करणार, आणि शिपाई म्हणतो मला नुसतं बसायला सांगितलंय. थकबाकीदार आला, पैसे घेऊन आला, आणि पंचायतीच्या बाजूने सही करायला कोणी नाही. यापेक्षा वाईट सेवा दुसरी नाही.

तडजोड म्हणजे सूट, असा समज आहे. ग्रामपंचायतीच्या करात सूट द्यायला मुळात जागा थोडी. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरणाऱ्याला ५ टक्के सूट, वर्ष उलटल्यावर ५ टक्के दंड, एवढाच खेळ. नियम किंवा शासन निर्णय हाती असल्याशिवाय मूळ कर सोडण्याचा अधिकार ना सरपंचाला, ना लिपिकाला. ‘अर्धे भरा, बाकीचं बघू’ असं टेबलावर बोलणारा कर्मचारी लेखापरीक्षणात स्वतःच अडकतो. खरी सवलत आहे ती हप्त्यांची. उदाहरण घ्या : मागील बाकी ८,४०० रुपये, त्यावर ५ टक्के दंड ४२०, चालू कर १,७४०, एकूण १०,५६०. आज ३,५६० भरले आणि पुढे १,००० चे ७ हप्ते. निवाड्यात प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा, ‘दरमहा’ एवढंच नको. ‘लागोपाठ दोन हप्ते चुकल्यास उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल’ हे वाक्य असलंच पाहिजे. मालमत्ता क्रमांक, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची बाकी, आणि चालू वर्षाचा कर त्यात धरला की नाही, हेही. ‘बाकी भरण्याचे कबूल’ एवढ्या तीन शब्दांचा निवाडा सहीपुरता ठीक दिसतो, पण दरखास्त घालायला गेलं की त्यात बजावण्यासारखं काही नसतं.

पैसे घेतले की पावती त्याच मिनिटाला. ‘गावात आल्यावर देतो’ हे चालवून घेऊ नका, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो. रक्कम रोकडवहीत त्याच दिवशी, आणि रविवार सोडून सोमवारी बँकेत. घरपट्टी ग्रामनिधीत, पाणीपट्टी पाणीपुरवठ्याच्या खात्यात. वसूल रक्कम परस्पर खर्चाला वापरली, अगदी त्या दिवसाच्या मांडवाला किंवा चहापाण्याला जरी, तरी तो लेखापरीक्षणाचा ठरलेला आक्षेप आहे.

भाषेबद्दलही सांगायला हवं. निवाडा मराठीत असतो, पण न्यायालयाची मराठी आणि पाड्यावरची बोली यांत अंतर मोठं. भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला मजकूर त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. गावातला एखादा शिकलेला पोर, आशाताई, पोलीस पाटील, कोणीही चालेल. याला दोन मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्या टेबलाला आम्ही कमी गुण देतो.

निवाड्यानंतर

सगळ्यात कमकुवत दुवा हाच. लोक अदालत संपली, आकडेवारी वर गेली, फोटो निघाले, आणि हप्त्यांचा तक्ता फाइलमध्ये झोपला. निवाड्याची प्रमाणित प्रत पक्षांना विनामूल्य मिळते, ती दोघांनीही घ्यावी. कर्मचाऱ्याने त्याच आठवड्यात नमुना ९ ला तांबड्या शाईने निवाड्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि हप्त्यांची एक साधी वही ठेवावी : खाते, हप्ता, तारीख, पावती क्रमांक. हप्त्याच्या दोन दिवस आधी फोन. इतकंच. पण जिथे ही वही आहे तिथे हप्ते येतात, जिथे नाही तिथे तिसऱ्या महिन्यापासून बंद होतात.

हप्ते थांबले तर निवाडा हा हुकूमनामा असल्याने दिवाणी न्यायालयात दरखास्त दाखल करता येते. मुदत १२ वर्षांची. पंचायतीने ठराव करायचा, वकीलपत्र द्यायचं, बाकीचा हिशेब आणि जप्त करता येईल अशा मालमत्तेची यादी द्यायची. बेलीफ बरोबर गेला तर घर दाखवायला पंचायतीचा माणूस हजर लागतो, आणि नेमका तोच त्या दिवशी ‘मिटिंगला’ असतो. आणि हो, बैलजोडीचं : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची शेतीची अवजारं, उपजीविकेला लागणारी गुरं आणि बियाणं, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण हे जप्त होत नाही. हे कर्मचाऱ्यालाही माहीत हवं आणि थकबाकीदारालाही.

नगरपालिका आणि महापालिका

अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा यांसारख्या नगरपरिषदा किंवा जळगाव-धुळ्याच्या महापालिका, इथे गणित वेगळं. मुदतीत न भरलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. १२,००० च्या बाकीवर १८ महिन्यांत ४,३२० रुपये शास्ती होते आणि एकूण आकडा १६,३२० वर जातो. म्हणून शहरात तडजोडीचं आकर्षण शास्तीच्या माफीचं असतं. पण ती माफी पॅनल देत नाही, ती शासनाच्या किंवा पालिकेच्या त्या वेळी चालू असलेल्या अभय योजनेतून येते. योजना चालू नसेल तर टेबलावर मूळ कर आणि हप्ते एवढंच बोलता येतं. नोटीस वाटतानाच ‘अभय योजना चालू आहे, अमुक तारखेपर्यंत’ किंवा ‘योजना नाही’ हे छापायला हवं. लोक खोट्या आशेने येतात आणि चिडून जातात, त्यात चूक त्यांची नसते. शहरातली दुसरी अडचण विकलेल्या फ्लॅटची. खरेदीखत झालं, पण करखात्यावर नाव बिल्डरचंच. करनिरीक्षकाने खरेदीखताची सूची दोन (नोंदणीचा उतारा) मागून आधी नाव बदलून घ्यावं, मग प्रकरण पाठवावं. शहराबद्दल इतकंच पुरे, बाकीचं वर लिहिलं तेच लागू.

तडजोड झाली नाही तर जप्ती, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, किंवा दावा. मागणीचं बिल आणि मागणीची नोटीस रीतसर पोचल्याशिवाय जप्तीकडे जाता येत नाही, त्यामुळे इथेही पाया तामिलीचाच. दावा लागला तर एक नवी काळजी घ्या. संगणकावरून काढलेला करखात्याचा उतारा पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. १ जुलै २०२४ पासून ते दोन भागांत आहे आणि त्यात हॅश मूल्य (संगणकातल्या फाइलची ओळखखूण) लिहायचं असतं. संगणक परिचालकाला हे ऐनवेळी सांगून जमत नाही. साक्षीला जाणाऱ्या कर्मचाऱ्याने मूळ वही नेऊन ‘ही नोंद कोणी केली’ या प्रश्नाची तयारी ठेवावी. बदलून गेलेल्याच्या अक्षराबद्दल विचारलं जाणारच.

आमचे गुण

खर्च आणि कायदेशीर वजन यांसाठी ५ पैकी ५. त्या दिवशीची वागणूक, पॅनलची : साडेचार. नोटिशीचा मजकूर आणि तामील : २, आणि तेही चांगली कामं धरून. आकड्यांचा भरवसा : अडीच. निवाड्यानंतरचा पाठपुरावा : १. हा शेवटचा गुण वाढवणं पूर्णपणे गावाच्या हातात आहे, त्याला वरून कुठलाही आदेश लागत नाही.

थकबाकीदाराने जावं का? जावं. आकडा मान्य असेल पण एकदम भरणं शक्य नसेल, तर यापेक्षा सोयीची जागा नाही. आकडाच मान्य नसेल तर आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा मागा. तो लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदतीत द्यावाच लागतो. उतारा आणि पावत्या घेऊनच टेबलावर जा. सदस्य किंवा सरपंच असाल तर विशेष जपा : बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे अपात्र ठरू शकतो, आणि लोक अदालतीची वाट पाहत बसल्याने ते तीन महिने थांबत नाहीत. वकील हवा असेल तर महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना तालुका समितीकडून तो मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.

निघताना हातात तीन कागद असले पाहिजेत : नमुना १० ची पावती, सह्या झालेल्या निवाड्याची प्रत किंवा ती कधी मिळेल याची तारीख, आणि हप्ते ठरले असतील तर त्यांचा तक्ता. पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ९ ला तुमची रक्कम चढली आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.